गावच्या स्पर्धेत राष्ट्रगीत कसं घ्यावं

भातझोडणी उरकली की आमच्या दापोली तालुक्यात वाडीवाडीवर बॅनर लागतात. भव्य प्रकाशझोतातील क्रिकेट स्पर्धा, अमुक चषक, रोख रक्कम, मालिकावीराला सायकल. कबड्डीचंही तेच. आणि हल्ली प्रत्येक मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ हमखास असते, 'राष्ट्रगीत'. ती ओळ लिहिणारी मुलं बहुतेक माझ्याच हाताखालून गेलेली. शाळेत मी संगीत शिकवायचे. त्यामुळे आदल्या रात्री फोन येतो, "बाई, उद्या राष्ट्रगीताला या हां." कसं घ्यायचं, कुठे उभं राहायचं, कोण सुरू करणार, हे कोणी विचारत नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

आधी ठरवा, किती वेळा

माझं मत सुरुवातीलाच सांगते, पटलं नाही तर पुढचं वाचू नका. राष्ट्रगीत स्पर्धेत एकदाच घ्यावं. उद्घाटनाला किंवा अंतिम सामन्याआधी, दोन्हीपैकी एक. प्रत्येक सामन्याआधी घ्यायचं असेल तर मला बोलावू नका.

मुंबईहून आलेली मुलं म्हणतात, "बाई, टीव्हीवर प्रत्येक मॅचला असतं." अरे, टीव्हीवर भारत खेळत असतो. समोर दुसरा देश उभा असतो. आपल्याकडे वरचीवाडी विरुद्ध खालचीवाडी. दोन्ही संघांचं राष्ट्रगीत एकच, मग ते कोणाच्या बाजूने गायचं?

खेळाआधी राष्ट्रगीत ही काही अनादि काळापासूनची रीत नाही. १९०५ साली कार्डिफला वेल्सचा रग्बी सामना न्यूझीलंडशी होता. न्यूझीलंडच्या खेळाडूंनी आपला हाका नाच केला, त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी आपलं गीत सुरू केलं आणि सगळं मैदान गायला लागलं. खेळाच्या मैदानावर राष्ट्रगीत गायलं गेल्याचा हा पहिला प्रसंग मानतात. तो कोणी पत्रिकेत छापलेला नव्हता. अमेरिकेत ही प्रथा रुजली ती १९१८ पासून. पहिलं महायुद्ध चालू होतं, शिकागोला बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना होता, सातव्या डावातल्या विश्रांतीत लष्करी बँडने एक देशभक्तिपर गीत वाजवलं आणि लोकांनी टोप्या काढल्या. गंमत म्हणजे ते गीत अमेरिकेचं अधिकृत राष्ट्रगीत झालं १९३१ साली. दुसऱ्या महायुद्धात ते रोजच्या सामन्यांआधी वाजू लागलं, ते आजतागायत. रोजचं झालं की निम्मे लोक तेवढ्यात वडापाव घेऊन येतात, आणि उरलेले कोण उभं नाही ते बघत बसतात. २०१६ साली कॉलिन केपर्निक हा तिकडचा फुटबॉलपटू काळ्या लोकांवरच्या अन्यायाच्या निषेधार्थ गीताच्या वेळी गुडघ्यावर बसला. त्यानंतर किती महिने खेळ बाजूला राहिला आणि गुडघाच चर्चेत राहिला, ते सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हा एकदाच घ्या. एकदाच घेतलंत की नीट घ्यायला वेळही मिळतो.

दुसरी एक सूचना हल्ली फार येते: राष्ट्रगीताऐवजी दुसरं काहीतरी लावू. शिवरायांवरचं एखादं जोशपूर्ण गाणं, नाहीतर सिनेमातलं. १ मेच्या स्पर्धेत राज्यगीत जरूर घ्या. 'जय जय महाराष्ट्र माझा' १९ फेब्रुवारी २०२३ पासून आपलं राज्यगीत आहे. पण ते राष्ट्रगीताच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला. राष्ट्रगीत नको असेल तर घेऊ नका. वाडीच्या स्पर्धेत ते घ्यायलाच हवं अशी सक्ती कुठेही नाही. पण घेतो म्हणून दुसरंच लावायचं, हे मला पटत नाही. आणि शब्द बदलायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. २००५ साली 'सिंध' काढून 'काश्मीर' घाला अशी याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती, ती फेटाळली गेली. तिथे जे झालं नाही ते आपल्या मंडळाच्या मीटिंगमध्ये होणार नाही.

वेळ कोणती

आपल्याकडे क्रम ठरलेला आहे. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं, श्रीफळ वाढवणं, मग पाहुण्यांचं स्वागत. राष्ट्रगीत कुठे घालायचं? गाऱ्हाणं आणि नारळ झाल्यावर, भाषणांच्या आधी, खेळाडू मैदानात रांगेत असताना. भाषणांनंतर ठेवलंत तर लोक पांगलेले असतात आणि मुलं उन्हात उभी राहून कंटाळलेली.

पाहुण्यांसाठी राष्ट्रगीत थांबवू नका. हे मी ठळक सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पाहुणे पाचला येणार म्हणतात आणि पावणेसातला येतात. ते आल्यावर "पुन्हा एकदा घेऊया का?" असं कोणीतरी कुजबुजतंच. नाही. झालं ते झालं. पाहुण्यांना हार घाला, चहा द्या, चेंडू टाकायला सांगा.

पुळणीवर सामने असतील तर ओहोटीचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण भरती चढायला लागल्यावर राष्ट्रगीताची घाई करायची पाळी आणू नका. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर मोहल्ल्यातल्या मुलांना मगरिबची वेळ विचारून घ्या. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक संघांत त्यांचेच एकदोन चांगले बॉलर असतात, तेच सांगतील. अजान आणि राष्ट्रगीत यांत दहा मिनिटांचं अंतर ठेवलं की कोणालाच कोणासाठी आवाज कमी करावा लागत नाही.

सूर

आता माझ्या विषयाकडे येते.

केंद्र सरकारच्या गृह मंत्रालयाचा राष्ट्रगीताबद्दलचा आदेश आहे. पूर्ण गीताला साधारण ५२ सेकंद. पहिली आणि शेवटची ओळ एवढंच घेतलेलं एक संक्षिप्त रूपही आहे, सुमारे २० सेकंदांचं, पण ते काही ठरावीक प्रसंगांसाठी. सगळ्यांनी मिळून गायचं असेल तर पूर्णच गायचं. त्याच आदेशात एक फार शहाणपणाची सूचना आहे: गाणाऱ्यांचा एक पुरेसा मोठा गट तयार करून योग्य जागी उभा करावा, म्हणजे बाकीचे लोक त्यांच्याबरोबर गातील. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं. शाळेतली आठ-दहा मुलं-मुली घ्या, आदल्या दिवशी अर्धा तास बसवा. एकट्या माणसाच्या हातात माईक दिला की तो गायक होतो आणि बाकीचे श्रोते होतात. मग कोणी गात नाही.

पट्टी. इथे बहुतेक जण चुकतात, आणि चांगले गाणारे जास्त चुकतात. राष्ट्रगीताची पहिली ओळ मंद्र नीपासून, म्हणजे सा च्या खालच्या नीपासून, मध्यमापर्यंतच फिरते. सोपी वाटते, म्हणून माणूस ती उंच धरतो. पण पुढे 'जय हे, जय हे, जय हे' येतं आणि तिथे तार सा, म्हणजे वरचा सा लागतो. वर धरलेलं असेल तर त्या ठिकाणी अर्धं मैदान गप्प होतं आणि उरलेलं किंचाळतं. त्याउलट बाईमाणसाने स्वतःच्या, पेटीवरच्या काळी चार पट्टीत सुरू केलं तर पुरुषांना एकतर खर्जात पुटपुटावं लागतं नाहीतर वर ओरडावं लागतं. म्हणून गाणाऱ्याची पट्टी नको, लोकांची पट्टी घ्या. पांढरी एक किंवा काळी एक. पुरुष खालच्या सप्तकात, बायका आणि मुलं वरच्या सप्तकात, दोघांनाही मंद्र नी ते तार सा आरामात पोहोचतो. भजनी मंडळाची पेटी आणा, सा दाबून धरा, गटाला तो गुणगुणू द्या, मग सुरू करा. पेटी नसेल तर मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप असतं. तोही नसेल तर गावातल्या भजनीबुवाला विचारा, तो तुम्हाला नुसत्या गळ्याने काळी एक देईल आणि चूक निघणार नाही.

लय. घड्याळ लावून बघा. पोरं पळवतात, म्हातारी माणसं लांबवतात. पन्नास ते पंचावन्न सेकंदांत संपलं तर उत्तम. गटाच्या पुढे एकाने उभं राहून हाताने लय द्यावी, पण ते हात छातीच्या उंचीवरच हलू द्या, पंच चौकार दाखवतो तसे नकोत.

शब्दांत दोन-तीन ठिकाणं तपासून घ्या. 'द्राविड' आहे, 'द्रविड' नाही. क्रिकेटमुळे मुलांच्या तोंडात दुसरंच बसलं आहे. 'उच्छल' आहे, 'उज्ज्वल' नाही. आणि 'गाहे तव जयगाथा', तिथे 'गाये' म्हणतात. हे गीत बंगालीत लिहिलेलं, २७ डिसेंबर १९११ रोजी कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात पहिल्यांदा गायलेलं आणि २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेने राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलेलं. मुलांना गाणं बसवताना एवढं सांगा, फार इतिहास नको, त्यांचं लक्ष मैदानाकडे असतं.

बेंजो पार्टी बोलावलेली असेल तर तिला राष्ट्रगीत वाजवायला लावू नका. त्यांचा हात ठेक्याला सरावलेला, दुसऱ्या ओळीपर्यंत लोक नाचायला लागतील. पण ताशेवाल्याचा एक उपयोग आहे. बँड राष्ट्रगीत वाजवतो तेव्हा आधी ढोलाचा थरार द्यायचा, संथ चालीच्या ७ पावलांइतका, म्हणजे लोकांना कळतं की आता सुरू होतंय. आमच्या ताशेवाल्याला मी तेवढंच काम देते. तो छान वाजवतो आणि मग काड्या काखेत धरून सावधान उभा राहतो.

साउंडवाल्याशी बोलणं

साउंडवाल्याला आदल्या दिवशी गाठा. त्या दिवशी तो कोणाचं ऐकत नाही.

पहिली गोष्ट, एको बंद. समालोचकाच्या आवाजाला एको लागतो, त्याशिवाय षटकार षटकार वाटत नाही हे मला मान्य आहे. राष्ट्रगीताला लागत नाही.

दुसरी, लांबचे कर्णे बंद. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला शंभर मीटरवर खांबाला कर्णा बांधलेला असेल तर तिथल्या माणसाला कर्णा आधी ऐकू येतो आणि गटाचा खरा आवाज पाव सेकंदाहून जास्त उशिरा. मग ती बाजू पुढे धावते, ही बाजू मागे राहते आणि शेवटी दोन राष्ट्रगीतं ऐकू येतात. गटाजवळचे दोन स्पीकर पुरेत. लांबच्या लोकांनी जवळ यावं, एवढी विनंती समालोचक करू शकतो.

तिसरी, वारा. दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. गट आणि स्पीकर समुद्राच्या बाजूला, पाठ समुद्राकडे करून ठेवा. उलट ठेवलंत तर सगळा आवाज नारळी-पोफळीत जाईल आणि मैदानात काही येणार नाही.

आणि रेकॉर्ड लावायचीच असेल, माणसं मिळतच नसतील, तर ती फाइल आधी डाउनलोड करा, शेवटपर्यंत ऐका, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. यूट्यूबवरून थेट लावलंत तर आधी साबणाची जाहिरात येते आणि ५३व्या सेकंदाला कोळीगीत सुरू होतं. हसू नका, मोठमोठ्यांचं होतं. २०१२ साली कुवेतमध्ये नेमबाजी स्पर्धेत कझाकस्तानच्या सुवर्णपदकविजेतीसाठी एका विनोदी सिनेमातलं विडंबनगीत वाजलं. इंटरनेटवरून उतरवून घेतलं होतं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल संघासाठी सुदानचं राष्ट्रगीत लागलं. ज्या देशातून ते फुटून निघाले, त्याचंच. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लाहोरला चॅम्पियन्स करंडकात ऑस्ट्रेलिया-इंग्लंड सामन्याआधी क्षणभर आपलं 'जन गण मन' वाजलं. त्या मैदानावर भारत खेळणारही नव्हता. त्या सगळ्यांकडे आपल्यापेक्षा महागडा मिक्सर होता. फाइल कोणी आधी ऐकली नव्हती, एवढंच.

वीज गेली, जनरेटर बंद पडला, तर थांबायचं नाही. गट गात राहील, लोक गात राहतील. माईक आला की साउंडवाल्याने मध्येच चढवू नये.

उभं राहणं आणि उभं करणं

समालोचकाने एवढंच म्हणावं: "राष्ट्रगीतासाठी सर्वांनी कृपया उभे राहावे. सावधान." दहा वाक्यांची देशभक्तीची प्रस्तावना नको. राष्ट्रगीत संपलं की "विश्राम". घोषणा द्यायच्या तर त्यानंतर.

राष्ट्रगीत चालू असताना सावधान उभं राहणं अपेक्षित आहे, आदेशात तसं आहे. पण कोण उभा नाही ते शोधत फिरणं हे कोणाचंच काम नाही, स्वयंसेवकांचंही नाही. २०१६ साली पणजीच्या सिनेमागृहात व्हीलचेअरवरच्या एका लेखकाला राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून मागून मारहाण झाली. गोवा काही लांब नाही आपल्याला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृहात राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ती सक्ती काढून टाकली.

गाण्याचंही तसंच. उभा आहे पण गात नाही, म्हणून कोणाला काही बोलू नका. केरळमधली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढलं होतं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि नीट उभं राहणाऱ्याने गायलं नाही तर तो अपमान होत नाही असं सांगितलं. स्पेनचे खेळाडू तर सगळेच तोंड मिटून उभे असतात, कारण त्यांच्या राष्ट्रगीताला शब्दच नाहीत. २००८ साली शब्द बसवायचा प्रयत्न झाला, तो काही दिवसांतच गुंडाळला.

कायदा कुठे लागतो तेही सांगते. १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या कायद्यानुसार जाणूनबुजून राष्ट्रगीत बंद पाडणं किंवा ते गाणाऱ्या जमावात गोंधळ घालणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे दारू पिऊन मध्ये शिट्ट्या मारणाऱ्याला बाहेर काढा. बंदरावर जाळी विणत बसलेल्या तांडेलाला किंवा रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला हाका मारू नका. वयस्कर बायका, गरोदर बाई, पाय मुरगळलेला रेडर, यांच्यासाठी समोरच खुर्च्या ठेवा. बसून गायलं तरी गाणंच होतं ते.

झेंडा असेल तर आधी झेंडा, लगेच राष्ट्रगीत. रात्रीच्या स्पर्धेत झेंडा उतरवायची आता गरज नाही, जुलै २०२२ पासून रात्रंदिवस फडकवता येतो. मुलांना कागदी झेंडे वाटलेत तर ते पुळणीवर पडू देऊ नका. दोन मुलांना पिशवी देऊन फक्त तेच काम द्या.

मग रोज काय गायचं

प्रत्येक सामन्याआधी काहीतरी हवंच असेल, जोश यायला हवा असेल, तर मंडळाचं स्वतःचं गाणं करा. यात कमीपणा काही नाही. वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ अनेक देश मिळून होतो, त्यांना एक राष्ट्रगीत नाही, म्हणून ते मैदानावर स्वतःचं वेगळं गाणं लावतात. आयर्लंडचा रग्बी संघ सीमेच्या दोन्ही बाजूंच्या खेळाडूंचा, त्यांनी १९९५ साली संघासाठी नवंच गीत करून घेतलं. राष्ट्रगीत जिथे बसत नाही तिथे त्यांनी ते ताणलं नाही.

आपल्याकडे तर प्रत्येक गावात जाखडी नाचाचा शाहीर आहे, नमन-खेळे आहेत. शाहिराला सांगा, आठ ओळी, अर्ध्या मिनिटात संपल्या पाहिजेत, वाडीचं नाव, ग्रामदेवतेचं नाव, खाडीचं किंवा डोंगराचं नाव. चाल जाखडीचीच ठेवा, ती सगळ्यांच्या पायात आहे. इथे बेंजो लावा, ढोल लावा, एको पाहिजे तेवढा चढवा, नाचा. मी आडवी येणार नाही.

फक्त त्या गाण्यात चषक देणाऱ्याचं नाव घालू नका. पुढच्या वर्षी चषक दुसऱ्याचा असतो.